अठ्ठावन्न दिवसांचं अंतर, सोळा तासांचं अंतर

आपल्याकडे कुणी विचारलं की तालुक्याचं गाव किती लांब आहे, तर आपण किलोमीटर सांगत नाही. आपण म्हणतो, एसटीनं पाऊण तास, वडापनं अर्धा तास, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तर काही सांगता येत नाही. म्हणजे अंतर आपण वेळेत मोजतो. आणि ही सवय अगदी शहाणपणाची आहे. आज आम्ही एका फार मोठ्या अंतराचा इतिहास याच मापानं सांगणार आहोत. अंतर आहे मुंबई ते न्यूयॉर्क. गटातल्या कितीतरी जणींचे भाऊ, भाचे, लेकी, जावई आता परदेशात नोकरीला आहेत, त्यामुळे ही नावं आपल्याला परकी राहिलेली नाहीत. पण हे अंतर पहिल्यांदा कापणाऱ्यांमध्ये आपल्या कल्याणची एक अठरा वर्षांची मुलगी होती, हे लक्षात ठेवून गोष्ट ऐकावी, असं आम्हाला वाटतं.

आधी आजचा हिशेब सांगतो. मुंबईचा विमानतळ आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ यांच्यात पृथ्वीच्या पाठीवरून सर्वांत जवळच्या वाटेनं मोजलं, तर अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरतं. कुठेही न थांबता जाणाऱ्या विमानाला जाताना साधारण सोळा तास लागतात. येताना त्याहून थोडे कमी. तो फरक का पडतो, ते पुढे सांगू. आता मागे जाऊ.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली कल्याणला झाला. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या काळी बाई पुरुष डॉक्टरापुढे जायला लाजायची, आणि बाई डॉक्टर तर आपल्याकडे जवळजवळ नव्हत्याच. त्या दुःखातून त्यांनी ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं. शिक्षण अमेरिकेत होतं. तिथल्या न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर नावाच्या बाईंनी गोपाळरावांचं एक पत्र तिकडच्या मिशनरी मासिकात छापलेलं वाचलं आणि आनंदीबाईंना पत्र लिहिलं. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. एकमेकींना कधी न पाहिलेल्या दोन बायका, एक कारकुनाची बायको आणि एक दूरदेशीची गृहिणी, पत्रातून मावशी-भाची झाल्या.

त्या पत्रांचाही हिशेब बघा. पत्र आगबोटीनं जायचं. साधारण महिनाभरानं पोहोचायचं, आणि उत्तराला आणखी महिना. म्हणजे मी आजारी आहे असं लिहिलं, तर काळजीचे दोन शब्द हाती पडेपर्यंत दुखणं बरं तरी झालेलं असायचं किंवा वाढलेलं तरी. गंमत अशी की याच काळात मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये समुद्राखालून तार टाकलेली होती. १८७० सालापासून ती चालू होती. कापसाचा भाव, सरकारी हुकूम, लढाईची बातमी तारेनं काही तासांत पोहोचायची. पण तार महाग, एकेका शब्दाला पैसे. तेव्हा एकाच काळात, एकाच समुद्रावर दोन अंतरं होती. व्यापाऱ्याचं अंतर काही तासांचं आणि बाईच्या पत्राचं अंतर महिन्याचं. ही गोष्ट आज आम्हाला फार महत्त्वाची वाटते, म्हणून मुद्दाम सांगितली.

१८८३ च्या फेब्रुवारीत आनंदीबाईंनी बंगालमधल्या श्रीरामपूरला जाहीर सभेत भाषण केलं आणि आपण अमेरिकेला का जातो आहोत ते सांगितलं. घरची बाई सातासमुद्रापलीकडे एकटी जाते म्हणजे काय, यावर लोक फार बोलत होते. त्या सगळ्यांसमोर उभ्या राहून त्या बोलल्या. मग ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या. गोपाळराव सोबत नव्हते, ओळखीतल्या मिशनरी बायकांची सोबत होती. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. मोजून अठ्ठावन्न दिवस झाले. बंदरावर कारपेंटर बाई घ्यायला आल्या होत्या.

अठ्ठावन्न दिवस ऐकून ते फार वाटतात. पण त्या काळाच्या मानानं ते कमीच होते. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला. त्याआधी युरोपकडे जाणाऱ्या बोटीला सगळ्या आफ्रिका खंडाला वळसा घालावा लागायचा. शिडाच्या जहाजाला तर वारा असेल तसं जायचं, कित्येक महिने समुद्रात काढायचे. कालवा झाला आणि वाफेचं इंजिन आलं, म्हणून प्रवास महिन्यांवरून आठवड्यांवर आला. अंतर कमी व्हायला माणसानं काय काय केलं बघा. एकीकडे जमीन खणून वाट जवळची केली, दुसरीकडे वाऱ्यावरचं अवलंबणं सोडून कोळशावर बोट चालवली. तिसरी पायरी आकाशाची होती.

१७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत राईट बंधूंचं विमान पहिल्यांदा उडालं. किती? बारा सेकंद आणि १२० फूट. आपल्या शाळेच्या पटांगणाएवढं अंतर. त्यानंतर सुमारे सातच वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, आपल्या देशात एक नवल घडलं. अलाहाबादेहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकानं हजारो पत्रांची पिशवी विमानातून नेली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. पण विमानातून सरकारी टपाल नेण्याची जगातली ती पहिली वेळ मानतात.

१९२९ साली लंडन ते कराची अशी विमानाची टपालसेवा सुरू झाली. लागायचा सुमारे आठवडा, कारण विमान रात्री उडत नसे, ठिकठिकाणी उतरून इंधन घ्यावं लागे, आणि मधला एक टप्पा तर रेल्वेनं करावा लागे. कराचीला आलेलं टपाल पुढे मुंबईला आणण्याचं काम जे. आर. डी. टाटा यांनी हाती घेतलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते स्वतः एका इंजिनाचं लहानसं विमान चालवत कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि मुंबईत जुहूला उतरले. सोबत पंचवीस किलो टपाल होतं. जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्राकाठची मातीची धावपट्टी. पावसाळ्यात तिथं चिखल व्हायचा, तेव्हा विमानं पुण्याला येरवड्याच्या बाजूला उतरवायची. पावसात वाट बंद होण्याचं दुःख फक्त आपल्या गावाचं नाही, विमानानंही ते भोगलं आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून लंडनला निघालं. नाव ‘मलबार प्रिन्सेस’. प्रवासी पस्तीस. कैरो आणि जिनिव्हाला थांबत ते १० जूनला लंडनला पोहोचलं. ज्या वाटेला बोटीनं दोन-तीन आठवडे लागायचे ती दोन दिवसांवर आली. हा प्रवास बिनधोक होता असं समजू नका. १९५० साली हेच विमान युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं आणि आतली सगळी माणसं गेली. वेग वाढत होता, त्याची किंमतही माणसं मोजत होती.

मग १९६० साल. पंख्याची विमानं मागे पडली आणि जेट विमान आलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात एअर इंडियाची सेवा लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत गेली. आता अमेरिका साधारण एका दिवसावर आली. तरीही मध्ये थांबावं लागेच, कारण एवढ्या लांबवर जाण्याइतकं इंधन त्या विमानात मावत नव्हतं. एकाच दमात मुंबई ते न्यूयॉर्क जाणारी एअर इंडियाची सेवा २००७ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. त्यासाठी खास लांब पल्ल्याची विमानं घेतली होती. अशा विमानाच्या निघतानाच्या वजनात इंधनाचा वाटा फार मोठा असतो. म्हणजे बराचसा भार हा वाटेत जाळण्यासाठीच नेलेला असतो.

आता एक मजेची गोष्ट. शाळेतल्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवली, तर वाट अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक समुद्रावरून जाते असं दिसेल. पण सर्वांत जवळची वाट ती नाही. घरी करून बघा. एक कलिंगड घ्या. त्यावर दोन खुणा करा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप जवळची वाट धरतो, आणि ती आपल्याला वाटते त्यापेक्षा वरच्या बाजूनं जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे मुंबई-न्यूयॉर्कची जवळची वाट उत्तरेला चढते. मध्य आशिया, रशिया, नॉर्वेची बाजू, आइसलँडजवळचा समुद्र, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि कॅनडा अशी ती जाते. उकाड्याच्या मुंबईतून निघालेलं विमान बर्फाच्या मुलखाजवळून न्यूयॉर्कला उतरतं.

जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का लागतो? दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. अमेरिकेकडे जाताना ते समोरून येतात, घरी येताना पाठीशी असतात. नदीत प्रवाहाविरुद्ध आणि प्रवाहाबरोबर नाव चालवण्यासारखंच आहे. त्यात घड्याळाचाही घोळ. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. समजा, मुंबईहून विमान रात्री एक वाजता निघालं. सोळा तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतील, पण तिथं त्याच दिवसाचे सकाळचे साडेसहा. परदेशातल्या लेकीला फोन करताना आधी वेळ मोजायची ती याचसाठी.

आणि ही वाट माणसांच्या भांडणानंही लांबते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना त्यांचं आकाश बंद केलं. तेव्हापासून पश्चिमेकडे जाणाऱ्या कित्येक भारतीय विमानांना वळसा घ्यावा लागला, वेळ आणि इंधन जास्त लागू लागलं. दोन विमानतळ जागचे हलले नाहीत. मध्ये कुणीतरी वाट अडवली, की अंतर वाढतं. बांधावरचा रस्ता अडवल्यावर आपलं शेत कसं लांब होतं, ते आपल्याला ठाऊक आहेच.

आता बायकांकडे वळू. ही विमानं चालवायला बाया कधी बसल्या? १९३६ साली लाहोरला सरला ठकराल नावाच्या एकवीस वर्षांच्या बाईंनी साडी नेसून एकटीनं विमान उडवलं. त्यांना तेव्हा लहान मुलगी होती. स्वातंत्र्यानंतर प्रेम माथूर यांनी प्रवासी विमान चालवलं. १९८५ साली कलकत्ता ते सिलचर या मार्गावर सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला कर्मचारी असलेलं विमान उडालं. आणि जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सोबतिणींनी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोपासून बेंगळुरूपर्यंत, उत्तर ध्रुवावरून, कुठेही न थांबता विमान आणलं. अंतर सुमारे चौदा हजार किलोमीटर, वेळ साधारण सतरा तास. विमान चालवायला सगळ्या बायाच. आज भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. ज्या देशात बाईनं बोटीत पाय ठेवला म्हणून गाव बोललं, त्याच देशातली ही गोष्ट आहे.

आता हिशेब जुळवू. अठ्ठावन्न दिवस म्हणजे १,३९२ तास. सोळा तासांशी तुलना केली, तर प्रवास सुमारे ८७ पटीनं लहान झाला. पण आनंदीबाईंच्या खऱ्या अंतरात बोटीचे अठ्ठावन्न दिवस हा शेवटचा टप्पा होता. त्याआधी कित्येक वर्षं गेली. मिशनऱ्यांना पत्रं, नकार, पुन्हा पत्रं, पैशाची जुळवाजुळव, लोकांची बोलणी. समुद्र ओलांडायला दोन महिने, उंबरा ओलांडायला चार-पाच वर्षं.

पुढे १८८६ च्या मार्च महिन्यात त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. पण क्षयानं त्यांना धरलं होतं. आजारी अवस्थेतच त्या बोटीनं परतल्या आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मुंबईला पोहोचल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बावीसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांची रक्षा कारपेंटर बाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली गेली. तीच लांब वाट पुन्हा एकदा, यावेळी परत न येण्यासाठी.

मैत्रिणींनो, आनंदीबाई ज्या कारणासाठी एवढ्या लांब गेल्या, ते कारण एका बाळंतिणीचं आणि एका बाळाचं होतं. म्हणून आपण आपलं अंतर मोजायला हवं. आरोग्याचं काम करणारे लोक सांगतात की बाळंतपणात जीव जातो तो बहुतेक वेळा तीन उशिरांमुळे. पहिला उशीर घरात होतो, न्यायचं की नाही हे ठरवायला. दुसरा उशीर वाटेत, गाडी मिळायला आणि पोहोचायला. तिसरा उशीर दवाखान्यात पोहोचल्यावर, उपचार मिळायला. विमानाच्या इतिहासानं फक्त दुसऱ्या प्रकारचा उशीर कमी केला. १०८ नंबरची गाडी आली, रस्ते झाले, म्हणून आपल्याकडेही तो थोडा कमी झाला. पण पहिला उशीर कुठल्याही इंजिनानं कमी होत नाही. सासूबाई परवानगी देतील का, मालक कामावरून परत आले की बघू, पैसे कुठून आणायचे, या प्रश्नांना किलोमीटर नसतात. आनंदीबाईंचं मोठं अंतर तेच होतं आणि आपलंही बहुतेक वेळा तेच असतं.

हे अंतर कमी करणं मात्र आपल्या गटाच्या हातात आहे. म्हणून पुढच्या मासिक बैठकीत एक काम करूया. वहीचं एक पान घ्या आणि चार ठिकाणं लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्र, सिझेरियन होतं तो जवळचा दवाखाना, बँक आणि मुलींचं महाविद्यालय. प्रत्येकापुढे चार रकाने करा. किती किलोमीटर. प्रत्यक्षात किती वेळ, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगळा. किती खर्च. आणि चौथा रकाना, निघण्याआधी कुणाला विचारावं लागतं. चौथा रकाना भरताना लाजू नका, तोच खरा महत्त्वाचा आहे.

मग एकेक रकाना हाती घ्या. खर्चासाठी गटाच्या बचतीतून रात्री-बेरात्री लगेच देता येईल अशी थोडी रक्कम बाजूला ठेवता येते, आणि ती कुणाच्या घरी असेल ते आधीच ठरवता येतं. गाडीसाठी गावात ज्यांच्याकडे जीप आहे त्यांच्याशी आधी बोलून ठेवता येतं. गरोदर बाईच्या घरी सातव्या महिन्यातच गटातल्या दोघी-तिघी, आशाताईंना घेऊन जाऊ शकतात आणि सासूबाईंसमोर, मालकांसमोर स्पष्ट ठरवून घेऊ शकतात की दुखायला लागलं तर कुणाची वाट न बघता निघायचं. एवढं बोलणं आधी झालेलं असलं, तर ऐन वेळचे दोन-तीन तास वाचतात. रस्ता तेवढाच राहतो, दवाखाना तिथंच राहतो, पण आपल्या गटातल्या बाईसाठी तो जवळ येतो.

पुढच्या महिन्यात तुमच्या वहीतलं ते पान आमच्याकडे पाठवा. कुठल्या गटाचा कुठला रकाना सगळ्यांत मोठा निघाला, त्यावर आपण इथंच बोलू.